‘शेती : नाही’ असे कोणी लिहिले?



मुंबईच्या एका समाजकार्य महाविद्यालयाचे पत्र संघटनेकडे आले आहे. कागद जाड आहे, भाषा सभ्य आहे. पुढच्या वर्षापासून त्यांच्या अभ्यासक्रमात ‘आदिवासींचे पारंपरिक ज्ञान’ हा विषय घ्यायचा आहे. त्यासाठी चाळीस विद्यार्थ्यांचे दहा दिवसांचे शिबीर आपल्या पाड्यांवर भरवायचे आहे. संघटनेने राहण्याची सोय करावी. मुळ्या-पाल्याची माहिती असलेले दोन-तीन भगत, एक सुईण आणि ‘शक्य झाल्यास एखादा तारपावाला’ यांची गाठ घालून द्यावी, अशी विनंती आहे.

मागच्या बैठकीत पत्र वाचून दाखवले. तारपावाल्यापाशी आल्यावर लोक खूप हसले. मग मागे बसलेला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, “येऊं दे त्यांना. पन आधी इचारा, मागच्या टायमाला जां लिवून नेलां, तां कुठं हाय?”

त्यानंतर कोणी हसले नाही. नव्या पोरांना ही हकिगत ठाऊक नाही, म्हणून पुन्हा सांगतो.

१९७७ च्या डिसेंबरात अशाच एका महाविद्यालयाचे शिबीर आपल्या भागात झाले होते. पोरेपोरी वाईट नव्हती. विहिरीतला गाळ काढला, लहान मुलांना गाणी शिकवली, दोघींना तर परत जाताना रडू आले. पण ती आली जंगलखात्याच्या जीपमधून आणि उतरली जंगलखात्याच्या बंगल्यात. हातात छापील फॉर्म. कुटुंबप्रमुखाचे नाव, शिक्षण, व्यवसाय, शेती, व्यसन, अंधश्रद्धा, असे रकाने. आमच्या या म्हाताऱ्याला एका पोरीने विचारले, “बाबा, जमीन किती?” म्हाताऱ्याने आधी तिच्याकडे बघितले, मग जीपकडे. म्हणाला, “नाय बाय, आमाला कुठली जमीन!” तिने लिहिले, शेती : नाही. व्यवसाय : मोलमजुरी. समोरच्या खळ्यात नागलीचा ढीग पडला होता. ती नागली कोणत्या रानातून आली, हे विचारायला फॉर्मवर रकाना नव्हता.

खोटे कशाला बोलावे, आम्हीही लपवले. प्लॉट जंगलखात्याच्या हद्दीत, दर साली दंड, कोंबडे, बैल सोडवायचे पैसे. त्या खात्याच्या जीपमधून उतरलेल्या माणसाला कोण सांगणार की हो, इथे मी कसतो? जी माणसे आपल्याला घाबरत नाहीत तीच आपल्याला खरे सांगतात, एवढे साधे शिक्षण त्या पोरीला कोणी दिले नव्हते. तो दोष आम्ही तिच्या माथी मारत नाही. तिला शिकवणाऱ्यांच्या माथी मारतो.

पुढच्याच वर्षी, २७ डिसेंबर १९७८ ला, सरकारचा निर्णय निघाला. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून कसत असलेले प्लॉट नियमित करायचे. मोर्चे काढून, तुरुंगात जाऊन लोकांनी मिळवलेला तो निर्णय होता. चौकशी लागली. आमचे लोक नवे कपडे घालून कचेरीत गेले. तिथे जंगलखात्याच्या साहेबाने एक सायक्लोस्टाईल केलेला अहवाल काढला. आपल्या या पत्रकासारखाच, फक्त जरा बरा छापलेला. त्यात आमच्या पाड्यातल्या जवळपास सगळ्या घरांपुढे ‘शेती : नाही’. साहेब म्हणाला, “हे आमचे म्हणणे नाही. सुशिक्षित, तटस्थ लोकांनी घरोघर जाऊन केलेली पाहणी आहे. ७७ च्या डिसेंबरात इथे कोणी शेती करत नव्हते. म्हणजे अतिक्रमण नंतरचे.”

म्हातारा त्या दिवशी कचेरीत अर्धा तास बोलला. सुकडी खाल्ली त्या साली (म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात) पहिला बांध घातला, हे सांगितले. बांधाच्या कोपऱ्यावरचा ताड कोणी लावला, आईला कुठे पुरले, वीर कुठे बसवला, तोडलेल्या सागाची खोडे कोणत्या साली कुजून मोकळी झाली, सगळे सांगितले. कारकुनाने पेन खाली ठेवले आणि म्हणाला, “तोंडी नको. कागद दाखव.”

आम्ही त्या महाविद्यालयाला पत्र घातले. ज्या पोरीने लिहिले तिने येऊन सांगावे की खळ्यात नागली होती. उत्तर आले : ती बॅच पास होऊन गेली, पत्ता उपलब्ध नाही, अहवाल ही संस्थेची मालमत्ता आहे. दावे फेटाळले गेले. त्यानंतर १९८० चा वनसंरक्षण कायदा आला. मग जंगलाची जमीन द्यायची तर दिल्लीची परवानगी लागते, असे सांगू लागले. म्हातारा अजून त्याच बांधावर आहे. अजून ‘अतिक्रमणदार’ आहे.

आता तेच शिकवणारे लोक म्हणतात, तुमचे ज्ञान आम्हाला द्या.

आमचे म्हणणे एवढेच की, माणूस एकच आहे आणि त्याचे तोंडही एकच आहे. वर्गात बसवून त्याला बोलते केले की ते ‘पारंपरिक ज्ञान’ होते. कचेरीत तोच बोलला की ते ‘तोंडी’ होते. ज्यांना पहिले पाहिजे त्यांनी दुसऱ्यासाठी उभे राहिले पाहिजे. नाहीतर मुळ्या-पाल्याची यादी घेऊन जाणारा व्यापारी आणि ते, यात आम्हाला फरक दिसत नाही.

समाजकार्याचे शिक्षण आपल्या देशात आले त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने पहिली शाळा निघाली. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट. हे अमेरिकन मिशनरी आधी नागपाड्यात वस्तीकाम करत होते. ते काम खरे होते, कामगारांच्या वस्तीत उभे राहून केलेले होते. त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण पुस्तके अमेरिकेतून आली ती राहिलीच. तिथल्या शहरांत परदेशाहून आलेली, नातेगोते मागे राहिलेली कुटुंबे होती. त्यांच्या एकेका माणसाची ‘केस’ कशी लिहायची, याचे जे शास्त्र झाले तेच इथे व्यक्तिसहाय्य म्हणून शिकवतात. मग गटकार्य, मग समुदाय-संघटन. ज्याचा पाडा अजून मोडलेला नाही, ज्याचे दुखणे एकट्याचे नाही, त्याच्याजवळ हे शास्त्र घेऊन गेले की काय होते?

एक विचार करून बघा. १९४४ साली असा एखादा शिकलेला कार्यकर्ता डहाणू-उंबरगावकडे एखाद्या लग्नगड्याच्या झोपडीत गेला असता, तर त्याने काय लिहिले असते? लग्नावर ऐपतीबाहेर खर्च, त्यामुळे कर्जबाजारी, बायकोसह सावकाराकडे राबतो, दारूचे व्यसन. उपाय : काटकसरीचे महत्त्व पटवणे, बचतीची सवय लावणे. केस चांगली लिहिली म्हणून मार्कही मिळाले असते. लग्नगड्याने स्वतः काय केले ते इतिहासात आहे. १९४५ च्या मे महिन्यात जरीला हजारो वारली जमले आणि वेठ बंद, लग्नगडी बंद, असे ठरवून परत गेले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले, तरी लोक मागे फिरले नाहीत. लाल बावट्याने हात दिला, गोदावरीबाई परुळेकर पायी हिंडल्या. पण लग्नगडी कोण आहे, कुठल्या जमीनदाराकडे, कधीपासून, हे पाड्यापाड्याला ठाऊक होते. निरोप रानारानातून फिरला. तो समुदाय कोणी येऊन ‘संघटित’ करायचा नव्हता. होताच तो.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हातारी माणसे सांगतात. १९२१-२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून देवीचा वारा निघाला आणि पाड्यापाड्याने सुरत जिल्ह्यापर्यंत गेला. ज्याच्या अंगात देवी आली तो सांगे, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, गुत्तेवाल्याच्या शेतावर कामाला जाऊ नका. आणि लोकांनी ऐकले! गुत्ते ओस पडले. तिकडे तळोद्याच्या बाजूला मोरवडला गुला महाराजांच्या आरतीला १९३७-३८ साली हजारो भिल्ल-पावरे जमत, एकमेकांना ‘आप’ म्हणून नमस्कार करत, दारू सोडत. मुंबईत ती पहिली शाळा निघाली तोच हा काळ. आणि पुढे शहाद्याला अंबरसिंग सुरतवंती भजने म्हणत गावोगाव हिंडले, गुजर जमीनदारांपुढे भिल्लांना ताठ उभे केले. या सगळ्याला पुस्तकात नाव काय? ‘अंगात येणे’ असेल तर अंधश्रद्धेच्या रकान्यात. आरती असेल तर धर्माच्या. मोर्चा असेल तर कायदा-सुव्यवस्थेच्या. समाजकार्याचा रकाना मात्र बाहेरून आलेल्या माणसासाठी राखून ठेवलेला.

आता ज्ञान म्हणजे काय तेही बोलू. पत्रात मुळ्या-पाला आणि तारपा लिहिला आहे. शहरातल्या माणसाला आदिवासीचे ज्ञान म्हटले की एवढेच दिसते. आमच्या पोटाशी असलेले ज्ञान जमिनीचे आहे. वरकस उतारावर पहिल्या साली नागली घ्यायची, दुसऱ्या साली वरई, मग खुरासणी किंवा उडीद, मग रान टाकून द्यायचे. कोणत्या रानात काय उगवले आहे, माती किती सैल झाली आहे, दगड वेचून केलेली रास किती उंच आहे, हे बघून जाणता माणूस सांगतो की इथे किती साले नांगर फिरला. एखाद्या अधिकाऱ्याला खरेच शोधायचे असते की प्लॉट अठ्ठ्याहत्तरच्या आधीचा की नंतरचा, तर त्याने आमच्या म्हाताऱ्यांना शिवारात नेले असते. दिवसभरात निकाल लागला असता, आणि खोटा दावा करणारा असता तर तोही तिथेच सापडला असता. म्हातारे आपल्याच माणसाचा खोटा बांध खपवून घेत नाहीत, याचा काही जणांनी अनुभव घेतला आहे. नावे लिहीत नाही.

राबाचे उदाहरण घ्या. रोपाच्या वाफ्यावर टहाळ्या, पाला, शेण, गवत रचून उन्हाळ्यात भाजायचे, मग पावसावर पेरायचे. रोप जोमाने येते, तण मरते. आमच्याकडच्या मुसळधार पावसात दुसरे खत वाहून जाते. इंग्रजांच्या काळापासून जंगलखाते म्हणते की राबाने जंगल मेले. या भांडणापायी सरकारला १८८५ साली ठाणे-कुलाब्याच्या जंगलांसाठी कमिशन नेमावे लागले होते. शंभर वर्षे होऊन गेली, भांडण चालूच आहे. आता हे विद्यार्थी येऊन लिहून नेतील, ‘राब : बियाणे-रोपे करण्याची पारंपरिक पद्धत’. त्याच आठवड्यात त्याच टहाळ्यांसाठी गार्ड आमच्या बाईची कोयती काढून घेईल. मुळीचे नाव वहीत, आणि मुळी खणली म्हणून रेंजरच्या ऑफिसात पंचनामा. विद्यार्थी तेव्हा कुठे असतील? त्यांच्या वहीत त्या पंचनाम्याला जागा आहे का?

खाण्यापिण्याचेही असेच. सत्त्याहत्तरच्या त्या अहवालात एक वाक्य आहे की, पावसाळ्यात हे लोक अज्ञानामुळे विषारी कंद खातात. कडूकंद विषारी असतो हे आम्हाला ठाऊक नाही असे लिहिणाऱ्याला वाटले! तो चकत्या करून राखेत उकडायचा, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायचा, सकाळी चव घेऊन बघायची, कडू लागला तर पुन्हा पाण्यात. शेवळे खायचे तर काकडाची आंबट फळे घालून, नाहीतर घशाला खाज सुटते. हे कोणा वैद्याने सांगितले नाही. सासूने सुनेला सांगितले. पण उलट बाजूही लिहितो, कारण आता आमच्या कडूकंदाची स्तुती करणारे लेख येऊ लागले आहेत. आषाढात कडूकंद खातो तो नागली संपली म्हणून खातो. नागली संपते कारण जमीन नाही किंवा आहे ती सावकाराकडे आहे. कडूकंद हे शहाणपण आहे आणि भूकही आहे. पहिले लिहून दुसरे गाळणारा माणूस आम्हाला नको.

आणि लग्न. आमच्यात चौक लिहून, धवळेरीने गाणी म्हणून लग्न लावायला पैसा लागतो. तोपर्यंत नवरा-बायको एकत्र राहतात, मुले होतात, कधी कधी आईबापाचे आणि पोराचे लग्न एकाच मांडवात लागते. यात पाड्याला काही वावगे वाटत नाही. त्या अहवालात अशा तीन बायांच्या पुढे ‘अविवाहित माता’ लिहिले होते. त्यातली एक आज संघटनेच्या कमिटीत आहे. तिला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “मंग त्या पोरीनं माझ्या दादल्याला पानी कशाला मागितलां?”

काही साथी म्हणतील, एवढे ताशेरे झोडता, तर मग भगत सांगेल ते सगळे खरे का? नाही. भुताळी ठरवून बाईला मारणे, तिचे घर जाळणे, हे ज्ञान नाही. त्यामागे बहुतेक वेळा त्या विधवेचा तुकडा कोणाला तरी पाहिजे असतो, हे आपण दोनदा उघडे पाडले आहे. ते बायांच्या बैठकीत, भगताला समोर बसवून, आमच्याच भाषेत, आमच्याच देवांची नावे घेऊन. भगताला तोंड लपवावे लागले. बाहेरून आलेल्या व्याख्यानाने ते झाले नसते. व्याख्यानाने भगताची कॉलर ताठ झाली असती. आपले काय टिकवायचे आणि काय टाकायचे, हे ठरवायची जागा पाड्याची बैठक. परीक्षेच्या पेपरात ते ठरत नाही.

हेही खरे की त्या शाळांतून निघालेली काही माणसे इथे आली आणि राहिली. दंडाच्या पावत्या लावायला, अर्ज लिहायला, वकील शोधायला त्यांनीच शिकवले. ती इथे आल्यावर पहिले एक वर्ष फार बोलली नाहीत, लावणीला चिखलात उतरली, आमची बोली शिकली. पण ते त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हते, ते त्यांच्या अंगात होते. महाविद्यालयांना आमचा प्रश्न आहे की, ते अभ्यासक्रमात का नाही? तुमच्या प्राध्यापकांत आदिवासी किती? आमच्या आश्रमशाळेतून दहावी झालेला पोरगा तुमच्याकडे आला तर त्याला इंग्रजी पुस्तकावरून नापास करता की नाही?

बैठकीत ठरले ते असे. शिबिराला आपली ना नाही. पण डिसेंबरात थंडी छान असते म्हणून यायचे असेल तर येऊ नये. आषाढात यावे, लावणीच्या वेळेला, जेव्हा पेज पातळ होते. जंगलखात्याच्या बंगल्यात उतरू नये, पाड्यात राहावे. फॉर्म आणायचा तर आधी बैठकीत वाचावा. त्यात ‘सात-बारा’ हा एक रकाना आणि ‘कसतो ती जमीन’ हा दुसरा, असे दोन वेगळे असावेत, आणि दुसऱ्या रकान्यासाठी पोराने बांधावर जाऊन, दोन म्हाताऱ्यांना सोबत घेऊन, कधीपासून हे लिहावे. खाली आपली सही आणि घरचा पत्ता द्यावा. पास होऊन गेल्यावर पत्ता मिळत नाही असे पुन्हा ऐकून घेणार नाही. अहवाल शाळेत देण्याआधी पाड्यात वाचून दाखवावा, चुकले असेल तर तिथेच खोडावे, एक प्रत संघटनेकडे ठेवावी. भगत, सुईण आणि तारपावाल्याला, जर ते बोलायला तयार झाले तर, मुंबईहून बोलावलेल्या व्याख्यात्याला देतात तेवढेच मानधन द्यावे. मुळ्या-पाल्याची यादी या खेपेला नाही. आधी प्लॉटची यादी करू.

आणि पहिली अट म्हणजे सत्त्याहत्तरचा तो अहवाल चुकीचा होता, पाहणी अपुरी होती, ‘शेती : नाही’ याचा अर्थ ‘सात-बारा नाही’ एवढाच होता, असे लेखी पत्र त्या महाविद्यालयाकडून मिळवायला यांनी मदत करावी. दोन्ही संस्थांचे प्राध्यापक एकमेकांना ओळखतात, एकाच परिषदेला जातात, हे आम्हाला कळले आहे. तेवढे एक पत्र आणले तर आमच्या पाड्यातल्या दाव्यांची फेरचौकशी मागता येईल. ते ज्ञान आम्हाला त्यांच्याकडून पाहिजे.

हे सगळे लिहून पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले आहे. लेख छापायला देईपर्यंत उत्तर आलेले नाही.

ज्यांच्या दाव्यात ‘पाहणी अहवालानुसार शेती नाही’ असा शेरा आहे त्यांनी नकाराचा कागद, दंडाच्या पावत्या आणि आपल्या शिवारातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन पुढच्या अमावास्येला संघटनेच्या झोपडीत यावे. म्हाताऱ्यांचे जबाब त्यांच्या बोलीतच लिहून घेणार आहोत. लिहिता येणाऱ्या पोरांनी वही-पेन आणावे. भाकर प्रत्येकाने आपली आणावी.